लाँच दरवेळी वेगळा का होतो? क्लचची घसरण ताब्यात आणण्यासाठी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे उभ्या गाडीने सुटून ४०२ मीटर सरळ पळण्याच्या शर्यतीला, उतरणारी पोरं माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच तक्रार घेऊन येतात. "काका, एक रन झकास जातो. पुढच्याला चाकं जागेवर फिरतात. तिसऱ्याला इंजिनच दबतं. प्लेट नवी टाकली, जड प्रेशर प्लेट बसवली, तरी तेच." गाडी कधी झेन असते, कधी एस्टीम, कधी स्विफ्ट, कधी पोलो. सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या. दुखणं मात्र एकच: लाँच, म्हणजे उभ्या गाडीने लाइनवरून सुटणं, दरवेळी वेगळा.

यातल्या बहुतेकांनी सगळ्यात महागडा उपाय आधी केलेला असतो. गिअरबॉक्स उतरवून जड क्लच, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चकतीवर) जास्त जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, बसवला की रोग जाईल, अशी समजूत असते. माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडला. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि गिअरबॉक्स शेवटी उतरतो. मधली पायरी गाळू नका.

आधी लक्षण नीट ओळखा

"क्लच स्लिप होतोय" हे वाक्य चार वेगळ्या गोष्टींना वापरलं जातं.

इंजिन दबणं: क्लच सोडला की आरपीएम धाडकन पडतो, गाडी क्षणभर बसते आणि मग उठते. इथे क्लच गरजेपेक्षा लवकर धरतोय.

चाकं जागेवर फिरणं: आरपीएम चढतो, टायर ओरडतात, गाडी पुढे सरकत नाही. घसरण आहे, पण ती टायर आणि जमिनीच्या मध्ये आहे.

वरच्या गिअरात घसरणं: लाँच ठीक होतो, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात आरपीएम चढतो आणि वेग त्या मानाने वाढत नाही. जळका वास येतो. हा खरा दोष. इथे क्लचला पकडच उरलेली नाही.

थरथरणं: सुटताना गाडी ठणाठणा उड्या मारते, स्टिअरिंग हातात नाचतं. हे क्लचचंही असतं, इंजिन धरणाऱ्या रबरी माउंटिंगचंही, टायरचंही.

पाचवं लक्षण वेळेचं आहे. सकाळचा पहिला रन एक, दुपारचा चौथा दुसराच. पेडल धरण्याची जागाही थोडी सरकलेली असते. याचा रोख बहुतेक वेळा उष्णतेकडे असतो.

घसरण हा रोग नाही

हे समजल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही, म्हणून थोडं गणित करू. टायर १७५/६५ आर १४ धरा, परीघ साधारण १.८३ मीटर. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधली शेवटची गिअरची जोडी) मिळून गुणोत्तर १४.३५ धरा. इंजिन ३५०० आरपीएमला असताना क्लच पूर्ण जुळलेला असेल, तर गाडीचा वेग ताशी २७ किलोमीटर असायला हवा. पण लाइनवर गाडी उभी आहे, वेग शून्य. म्हणजे इंजिन ३५०० ला धरून ठेवायचं तर गाडी २७ ला पोहोचेपर्यंत काहीतरी घसरणारच. एक तर क्लच घसरेल, नाहीतर टायर. दोन्ही घसरू दिले नाहीत तर इंजिन दबेल. चौथा मार्ग नाही.

टायर एकदा सुटला की त्याची पकड लगेच परत मिळत नाही. क्लचची घसरण मात्र पायाने कमी-जास्त करता येते. म्हणून लाँचला क्लच घसरायलाच हवा. फक्त तो दरवेळी तेवढाच, तेवढ्याच वेळात घसरला पाहिजे, आणि एकदा जुळला की परत सुटता कामा नये.

आता जड प्रेशर प्लेटचं बघा. क्लच घसरत असतो तेव्हा गिअरबॉक्सकडे जाणारा टॉर्क क्लच ठरवतो, इंजिन नाही. कंपनीचा क्लच समजा २०० न्यूटन-मीटर धरू शकतो. पेडल सोडून दिलंत तर गिअरबॉक्सकडे दोनशेचाच टॉर्क जाईल, बाकी घसरण्यात जिरेल. चारशेचा क्लच असेल तर तो चारशेपर्यंत जाऊ देईल. इतका टॉर्क इंजिनाकडे येतो कुठून? फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधून. क्रँक आणि फ्लायव्हील मिळून जडत्व ०.१ किलोग्रॅम-वर्गमीटर धरलं आणि आरपीएम ५००० वरून ३५०० वर एक दशांश सेकंदात पडला, तर फ्लायव्हील एकटं सुमारे १५७ न्यूटन-मीटर जादा टॉर्क ओतून देतं. तीच पडझड अर्ध्या सेकंदात झाली तर फक्त ३१. गाडी तीच, आरपीएम तोच. फरक पाय किती वेळात उठला एवढाच. दीडशे आणि तीस. दर रनला वेगळी गाडी चालवतोय असं का वाटतं, याचं उत्तर इथे आहे. जड क्लच हा फरक आणखी ताणतो आणि सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे जाणाऱ्या एक्सलच्या सांध्याचा) बळी घेतो.

१. वही आणि मोबाइल

खर्च शून्य. रननंतर मिळणाऱ्या टाइम स्लिपवर (वेळेच्या चिठ्ठीवर) पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.२९ मीटरचा वेळ येतो. क्लचबद्दल बोलणारा आकडा तोच. ४०२ मीटरच्या एकूण वेळेत गिअर चुकणं, वारा, इंजिनाचा ताप सगळं मिसळलेलं असतं. प्रत्येक रननंतर लिहा: ६० फुटांचा वेळ, लाँचचा आरपीएम, टायरचा दाब, घड्याळातली वेळ, आणि आधीच्या रनपासून गाडी किती मिनिटं उभी होती. सहा-सात रन झाले की पोरं स्वतःच येऊन सांगतात, "काका, दुपारीच बिघडतंय."

मग क्लच घसरतोय की टायर हे वेगळं करा. मीटरच्या काट्यांचा व्हिडिओ घ्या आणि शेजारी जीपीएसवर वेग दाखवणारा दुसरा मोबाइल ठेवा. जुन्या मारुती गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते, त्यामुळे काटा पुढच्या चाकांचा वेग दाखवतो. आरपीएम आणि काटा यांचं नातं बिघडलं, तर घसरण क्लचमध्ये. ते ठीक आहे पण काटा जीपीएसच्या खूप पुढे पळतोय, तर घसरण टायरमध्ये. नव्या गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून येतो, तिथे नुसत्या काट्यावर निकाल देऊ नका.

तिसऱ्या गिअरसाठी हिशेब करता येतो. वरच्याच टायरवर तिसरा गिअर गुणिले फायनल ड्राइव्ह ५.३ येत असेल, तर ताशी १०० ला आरपीएम ४८२० च्या आसपास हवा. ५३०० दिसतोय आणि टायर शांत आहेत, तर क्लच घसरतोय. स्वतःच्या गाडीची गुणोत्तरं मॅन्युअलमधून घ्या. साध्या मोबाइलचा जीपीएस सेकंदाला एकदाच वेग ताजा करतो. तिसऱ्या गिअरला तो पुरतो, लाँच मात्र त्यात सापडत नाही.

गॅरेजमध्ये आणखी एक चाचणी होते. चाकांना पुढून-मागून उटी (अडवणारे दगड) लावा, समोर कोणी उभं नाही हे बघा, हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, १५०० आरपीएमवर क्लच नेहमीसारखा सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. गुरगुरत राहिलं तर क्लच गेलाय. ही चाचणी एकदाच करा, परत परत केलीत तर चांगला क्लचही जाळाल. बंद पडलं म्हणजे क्लच रेसला पुरेल असंही नाही. या आरपीएमवर तो साफ मेलेला नाही, एवढंच कळतं.

२. पाय, सीट, चटई

यात इतके दोष सापडतात की मला अजून नवल वाटतं. सीट मागे असली की पाय ताणलेला राहतो आणि क्लच मांडीतून सुटतो. मांडीच्या स्नायूला बारीक हालचाल जमत नाही. सीट इतकी पुढे घ्या की पेडल तळाशी असताना गुडघा थोडा वाकलेला राहील आणि टाच जमिनीला टेकलेली असेल. मग क्लच घोट्यातून सुटतो. जाड तळव्याचे बूट नकोत, सुटी चटई काढून टाका.

त्यानंतर पेडल स्टॉप. बहुतेक गाड्यांत प्लेट इंजिनापासून पूर्ण सुटी झाल्यावरही पेडल बरंच खाली जातं. ती खोली लाँचला नुसता उशीर करते आणि पाय दरवेळी वेगळ्या वेगाने धरण्याच्या जागेपर्यंत येतो. पेडलच्या खाली फ्लोअरवर बोल्ट आणि लॉकनट लावून पेडल अडवा, प्लेट पूर्ण सुटी होते त्याच्या जरा खाली. इंजिन चालू ठेवून रिव्हर्स टाकून बघा, गिअर करकरला तर अडथळा फार वर आहे. पेडल वर येण्याच्या वाटेत मात्र कधीही अडथळा लावू नका. पेडल पूर्ण वर आलं नाही तर रिलीज बेअरिंग (प्रेशर प्लेटला ढकलून प्लेट सुटी करणारं) दाबलेलं राहतं आणि प्लेट जळते.

३. टायरचा दाब

क्लच बदलण्याआधी गेज विकत घ्या, पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका. पुढच्या दोन टायरांत दोन पीएसआयचा फरक असला तरी एक चाक आधी सुटतं आणि ड्रायव्हरला वाटतं क्लच झटका देतोय. थंड टायरचा दाब लिहा, रन झाल्यावरचा लिहा. साध्या रस्त्याच्या टायरवर पुढचा दाब एका वेळी दोनच पीएसआयने कमी करून बघा. साइडवॉलवरच्या आणि गाडीच्या पाटीवरच्या मर्यादा डोळ्यांसमोर ठेवा, कारण ४०२ मीटरच्या टोकाला त्याच टायरवर ब्रेक मारायचा आहे. धावपट्टीवर तयार ड्रॅग स्ट्रिपसारखा रबर-गोंदाचा थर सगळीकडे असेल असं धरू नका. लाइनमधली धूळ चाकं फिरवून झटकून घ्या, पण चाकं फिरवताना क्लच पूर्ण सोडलेला हवा. हाफ क्लचवर टायर गरम करणारा लाइनवर येण्याआधीच क्लच भाजून घेतो.

४. क्लच वायर आणि पेडलची ढील

मारुती ८००, झेन, एस्टीम यांना क्लच वायर आहे. हाताने पेडल दाबून बघा. सुरुवातीला साधारण १५ ते २५ मिलिमीटर मोकळी ढील असायला हवी, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि ढील आपोआप कमी होते. ढील शून्य झाली की रिलीज बेअरिंग कायम बोटांवर टेकून राहतं आणि प्लेट कधीच पूर्ण जोराने धरली जात नाही. गाडी वरच्या गिअरात घसरते, माणूस प्लेट बदलतो, आणि काम होतं दहा मिनिटांच्या नट फिरवण्याचं. ढील खूप असेल तर उलट: प्लेट पूर्ण सुटी होत नाही आणि लाइनवर गाडी पुढे ओढते.

वायर काढून हातात घ्या. ती कोरडी, अडखळत चालत असेल किंवा एक तारही तुटलेली असेल तर बदला. अडखळणारी वायर कधी सरकते, कधी अडकते, मग पाय कितीही शिस्तीचा असला तरी क्लच वेगळाच धरणार. नवी वायर टाकल्यावर तिची वाट बघा, एक्झॉस्टला चिकटून जात नाही ना?

५. हायड्रॉलिक (वायरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा क्लच) असेल तर

डबीतलं तेल काळं झालंय का, पातळी उतरलीय का, ते बघा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ, एक्झॉस्टच्या शेजारी भाजत असतो. तेलात वाफ झाली की पेडल मऊ होतं आणि क्लच धरण्याची जागा सरकते. दुपारी बिघडणाऱ्या किती गाड्या निव्वळ तेल बदलून आणि हवा काढून सुधारल्या! स्लेव्हचं रबरी कव्हर उचलून बघा, आत ओल असेल तर रबरी सीलचं किट गेलंय.

पेडल दाबून धरलं की हळूहळू गाडी पुढे सरायला लागते? पेडलकडचा मास्टर सिलिंडर आतून गळतोय. लाइनवर दिव्यांची वाट बघताना नेमकं हेच नडतं.

६. रांगेतली उष्णता

घसरताना किती उष्णता होते? टायर घसरला नाही आणि इंजिन एकाच आरपीएमला राहिलं, तर क्लचमध्ये तेवढीच ऊर्जा जळते जेवढी गाडीला वेग म्हणून मिळते. ड्रायव्हरसकट १००० किलोची गाडी २७ पर्यंत नेताना सुमारे २८ किलोज्यूल. लाँच ३५०० ऐवजी ५००० ला केलात तर ही उष्णता दुपटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

ही उष्णता रनची. रांगेत हाफ क्लचवर पाच-पाच फूट सरकत गेलात तर ती वेगळी, आणि त्यानंतर लाइनवर येताना प्लेट आधीच तापलेली असते. तापलेल्या प्लेटची पकड बदलते, थोडी चकाकी येते आणि पुढचा रन वेगळा जातो. उपाय साधा: इंजिन बंद, न्यूट्रल, दोघांनी गाडी ढकलायची. स्टेजिंगच्या (गाडी सुटण्याच्या लाइनवर लावण्याच्या) दिव्यांत शिरतानाही एकदाच, थोडा धक्का देऊन शिरा, पुढे-मागे करत बसू नका. दोन रनमध्ये निदान वीस मिनिटं ठेवा, आणि ती दर वेळी तेवढीच ठेवा. थंड प्लेट आणि गरम प्लेट दोन्ही चालतील. दर रनला वेगळी चालणार नाही.

७. इंजिनाची माउंटिंग

बॉनेट उघडा, कोणालातरी ब्रेक दाबून पहिल्या गिअरात क्लच थोडा धरायला सांगा, आणि बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या समोर नाही. इंजिन दोन बोटांपेक्षा जास्त उचललं जातंय? माउंटिंगचं रबर फाटलंय. वायरवाल्या गाडीत याचा एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. वायरचं एक टोक बॉडीवर आणि दुसरं गिअरबॉक्सवर असतं. इंजिन डोललं की वायर स्वतःहून ओढली किंवा सोडली जाते. तुमचा पाय एका जागी स्थिर, आणि क्लच मात्र धरतोय-सोडतोय. थरथरणाऱ्या, उड्या मारणाऱ्या कितीतरी गाड्या नव्या माउंटिंगवर शांत झाल्या आहेत.

८. इंजिनाचा वेग आणि पेडल परतण्याचा वेग

वरचं सगळं नीट असेल तरच इथे या. आता दोनच गोष्टी बदलायच्या आहेत: क्लच सोडताना आरपीएम किती, आणि पेडल किती वेळात वर येतं.

आरपीएम कानावर ठेवू नका. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदललेला असेल तर टू-स्टेप लिमिटर लावा, म्हणजे लाइनवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन ठरलेल्या आकड्यावर थांबतं. कमी आकड्यापासून सुरू करा, समजा ३०००. एका वेळी २५० वाढवा. टायर सुटले तर २५० मागे. एका रनला एकच बदल, वहीत नोंद. टू-स्टेप नसेल तर आरपीएमच्या मीटरवर त्या आकड्याशी रंगीत पट्टी चिकटवा आणि पायाला तीच सवय लावा.

हलकं फ्लायव्हील बसवलेल्यांनी एक लक्षात घ्या. त्यात फिरण्याच्या ऊर्जेचा साठा कमी, म्हणून चाकं कमी सुटतात पण इंजिन लवकर दबतं, आणि जास्त आरपीएमवर जास्त वेळ घसरवावं लागतं. रस्त्यावर मजा देणारी गोष्ट लाँचला त्रास देऊ शकते.

पेडलचा वेग पायाने शिकता येतो. धरण्याच्या जागेपर्यंत झटकन या, तिथून पुढे मनात "एक हजार एक" म्हणेपर्यंत, साधारण सेकंदभरात, सरळ, न थांबता सोडा. मध्येच थांबून परत दाबणं ही सगळ्यात वाईट सवय, कारण त्या दाबण्याने आरपीएम उडतो आणि पुढचं धरणं झटक्याने होतं. मी पोरांना इंजिन बंद ठेवून, गाडीत बसवून, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर शंभर वेळा पेडल सोडायला लावतो. कंटाळवाणं आहे. पण ६० फुटांच्या वेळेतला फरक निम्म्यावर आणायला दुसरा इतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

यंत्राने करायचं तर हायड्रॉलिक लाइनमध्ये बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर घालून तेल परतायला उशीर लावता येतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॅन्युअल गाड्यांत असा डिले व्हॉल्व्ह कंपनीकडूनच येत असे. अडचण ही की साधा रिस्ट्रिक्टर प्रत्येक गिअरला उशीर लावतो, मग दुसरा-तिसरा टाकतानाही क्लच घसरतो आणि जी उष्णता टाळायची तीच वाढते. अमेरिकेत मॅन्युअल गिअरच्या ड्रॅग गाड्या चालवणारे म्हणून वेगळी रचना वापरतात: पेडल एका ठरवलेल्या जागेपर्यंत मोकळं परततं, तिथे क्लच ठरलेल्या जोराने धरतो, आणि उरलेला प्रवास डँपर हळू करतो. पहिला धक्का किती आणि मग किती हळू, हे दोन स्क्रू वेगळे फिरवता येतात. वायरवाल्या गाडीत पेडललाच छोटा डँपर लावून हे जमतं. पण रचना अशी हवी की तुमचा पाय पेडल कधीही पूर्ण दाबू शकेल आणि शेवटी पेडल पूर्ण वर येईलच. यातलं एकही खात्रीने होत नसेल तर ती रचना गाडीवर ठेवू नका.

९. आता गिअरबॉक्स

इथून पुढे दोन माणसं, मजबूत स्टँड आणि एक दिवस लागतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. घंटेतली, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचातली, धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

आधी वास घ्या. तेल असेल तर ते कुठलं? इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. तेल लागलेली प्लेट धुऊन परत बसवू नका, तेल फेसिंगमध्ये, म्हणजे प्लेटच्या घर्षणाच्या अस्तरात, मुरलेलं असतं. आणि सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे महिनाभरात परत तेच काम.

प्लेटच्या रिव्हेटवर किती फेसिंग उरलंय ते मोजा. आरशासारखी चमक असेल तर ती भाजलेली आहे. प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत आहेत का बघा, एखादं खाली असेल तर क्लच एका बाजूने आधी धरतो आणि गाडी थरथरते. एक गंमत लक्षात असू द्या: डायाफ्राम स्प्रिंगचा दाब प्लेट झिजताना आधी थोडा वाढतो आणि मग उतरतो. म्हणून मध्यम झिजलेला क्लच नव्यापेक्षा जास्त जोरात धरतो असं वाटतं, ते खरं असतं, आणि त्यानंतरची उतरण अचानक वाटते.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा? डाग लेथवर पातळ थर घेतला की जातात. भेगा असतील तर फ्लायव्हील भंगारात. इथे एक चूक मी स्वतः भोगली आहे. काही फ्लायव्हीलना पायरी असते, घर्षणाची पातळी वेगळी आणि प्रेशर प्लेट बोल्ट होते ती पातळी वेगळी. एकदा लेथवर फक्त घर्षणाची बाजू अर्धा मिलिमीटर घेतली गेली, बोल्टची बाजू तशीच राहिली. मीही ती न मोजता बसवली. प्रेशर प्लेटचा दाब तेवढा कमी झाला आणि नव्या कोऱ्या प्लेटने गाडी तिसऱ्या गिअरात घसरू लागली. पुन्हा सगळं खाली. लेथवाल्याला पायरीचा मूळ आकडा लिहून द्या, आणि परत आल्यावर स्वतः मोजा.

प्लेट निवडताना माझं मत: शंभर-दीडशे हॉर्सपॉवरच्या, रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला चांगली ऑर्गॅनिक प्लेटच घ्या. ती हळू धरते, घसरवता येते. ट्रॅक्टरला असते तशी सिरॅमिक बटणवाली प्लेट उष्णता सोसते, पण धरते ती एकदम. टर्बो लावून टॉर्क खरोखर कंपनीच्या क्लचच्या पलीकडे गेला असेल तरच तिचा विचार करा. नवी प्लेट बसवल्यावर निदान ५०० किलोमीटर गावात साधी चालवा. फेसिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना बसल्याशिवाय लाँच मारलात तर उंचवटे तेवढेच भाजतात आणि प्लेट पहिल्याच दिवशी चकाकते.

कुठे थांबायचं

घंटेतून धातूचा खडखडाट येत असेल तर तो रन शेवटचा समजा, गाडी ढकलत पिटमध्ये न्या. फ्लायव्हीलला भेग दिसली, क्रँक पुढे-मागे हलतोय असं वाटलं, ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) सैल लागलं, किंवा दोनदा नीट प्लेट बसवूनही वरच्या गिअरात घसरण राहिली, तर पुढचं काम तुमच्या अंगणातलं नाही. क्लच आणि ड्राइव्हलाइनचं काम करणाऱ्या जाणकाराकडे गाडी द्या. फ्लायव्हीलचं बॅलन्सिंग, प्रेशर प्लेटचा दाब मोजणं, क्रँकचा खेळ बघणं, याला यंत्रं लागतात.

आणि गाडी खरोखर वेगवान झाली असेल तर फ्लायव्हील फुटण्याचा धोका मनावर घ्या. घंटा तुमच्या पायांच्या अगदी पुढे असते. अमेरिकेतली एनएचआरए संस्था ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात क्वार्टर माइल, म्हणजे तेच ४०२ मीटर, संपवणाऱ्या गाडीला एसएफआय (रेसिंगच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणित क्लच आणि फ्लायव्हील सक्तीचं करते. आपल्याकडे तुमच्या स्पर्धेची नियमपुस्तिका बघा आणि त्यात नसलं तरी त्या वेगाला पोहोचण्याआधी हे सामान बसवणाऱ्या माणसाला गाठा. ओतीव लोखंडाचं जुनं फ्लायव्हील लेथवर पातळ करून त्या वेगाला फिरवू नका.

जाणकाराकडे जाताना वही न्या. किती रननंतर बिघडतं, थंड असताना की गरम, कितव्या गिअरात, कोणत्या आरपीएमला, काय काय आधीच बदललंय. माझ्याकडे अशी वही घेऊन आलेल्या पोराची गाडी मी अर्ध्या दिवसात मोकळी केली होती, त्यातही गिअरबॉक्स न उतरवता. त्याच्या नोंदींत दर चौथ्या रनला पेडल मऊ झाल्याचं लिहिलं होतं, आणि स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी कव्हरखाली ओल होती.